नेवरखेडच्या कबरीवरची चौथी ओळ

१

नळकांड्यातून कागद बाहेर आला, टेबलावर उलगडला, आणि तो कोरा निघाला.

विद्यापीठाच्या संग्रहाच्या तळघरातल्या त्या खोलीत सहा माणसं होती, शिवाय दारात स्कॅनरच्या पेट्या घेऊन उभे असलेले दोन तंत्रज्ञ. बाहेर जूनचा चिकट पाऊस शनिवारपासून थांबला नव्हता. आत हवेतला ओलावा शोषणारं यंत्र घुरघुरत होतं. सुचेता मोरीने कागद उलटा करून पाहिला. मागूनही कोरा.

सुचेता मूळची पुण्याची. लग्न करून क्योतोत आली त्याला चोवीस वर्षं झाली होती आणि त्यातली अठरा तिने याच तळघरात जुन्या कागदांची डागडुजी करण्यात घालवली होती. या नळकांड्यात काय असायला हवं होतं ते तिला डोळे मिटूनही सांगता आलं असतं.

१९६२ साली प्राध्यापक कुसाकाबे मराठवाड्यातल्या नेवरखेड गावी गेले होते. तिथल्या जुन्या जुम्मा मशिदीची त्यांनी मोजमापं घेतली. मशिदीच्या आवारात एक शाही कबर आहे. तिच्या उशाशी उभ्या दगडावर फारसीत चार ओळी कोरलेल्या होत्या. कुसाकाबेंनी दगडावर ओला कागद बसवला, ब्रशने ठोकून तो अक्षरांच्या खाचांत घुसवला आणि वरून काळ्या शाईची गादी फिरवली. कागद वाळून सुटला तेव्हा काळ्यावर पांढऱ्या अक्षरांत चारही ओळी उमटल्या होत्या. तोच हा ठसा. पुढे तीस वर्षांनी शेजारची भिंत कोसळली आणि दगडाचा चुरा झाला. त्या चार ओळी जगात फक्त या कागदावर उरल्या.

"मोरी-सान," संग्रहाचे प्रमुख तानिमोतो हळू आवाजात म्हणाले, "दुसऱ्या नळकांड्यात असेल का?"

दुसऱ्यात नव्हता. तिसऱ्यात नव्हता. तासाभरात सगळी एकेचाळीस नळकांडी उघडून झाली. तंत्रज्ञांनी वाकून निरोप घेतला आणि पेट्या उचलून ते निघून गेले.

भिंतीला टेकून कबीर मुजावर उभा होता. चाळिशीचा माणूस, टोकियोतल्या एका बँकेत आयटीत नोकरी, राहायला ग्योतोकुला. पहाटेची पहिली शिनकान्सेन पकडून तो आला होता. नेवरखेडच्या त्या कबरीची देखभाल त्याच्या घराण्याकडे होती. गावात रस्ता रुंद व्हायचा होता आणि नकाशावरची रेघ मशिदीच्या आवारातून, कबरीच्या ओट्याला चाटून जात होती. कबर शाही घराण्यातली आहे असं सिद्ध झालं तर आवार संरक्षित होणार होतं. सुनावणी सत्तावीस तारखेला होती. कुसाकाबेंच्या पुस्तकातला फोटो पुरातत्त्व खात्याला चालत नव्हता. मूळ ठशावरून काढलेली, विद्यापीठाने प्रमाणित केलेली प्रत हवी होती.

"ताई," तो मराठीत म्हणाला, "आज अठरा तारीख आहे."

सुचेताने मान हलवली. तिची नजर कोऱ्या कागदाच्या कडेवर खिळली होती. कागद सुरीने कापलेला नव्हता. कडेला बारीक मऊ तंतू सुटले होते. पाण्याची रेघ ओढून, ती मुरू देऊन, मग कागद हाताने अलगद फाडला की अशी कड येते. हे कसब शिकायला दोन वर्षं लागतात.

तिने वर पाहिलं. तानिमोतोही त्या कडेकडेच बघत होते, आणि मग त्यांनी सुचेताच्या हातांकडे पाहिलं.

२

दुपारी तानिमोतोंनी तिला चहाला बोलावलं. ते काहीच थेट बोलले नाहीत. हवामानावर बोलले, तिच्या अठरा वर्षांच्या सेवेवर बोलले, आणि शेवटी म्हणाले की या दगदगीत तिने दोन-चार दिवस विश्रांती घेतली तर कोणी गैर मानणार नाही. सुचेताने विचारलं की तुमचा माझ्यावर संशय आहे का. ते दचकले, दोन्ही हात हलवत म्हणाले, छे, छे, आपण फक्त सगळ्या शक्यतांचा विचार करतो आहोत.

सरळ आरोप केला असता तर सरळ उत्तर देता आलं असतं. हे म्हणजे धुक्याशी भांडण.

पोलिसांना कळवावं असं तिने सुचवलं. त्यावरही विचार करू, असं उत्तर आलं. तिला या देशात आता इतकी वर्षं झाली होती की 'विचार करू' म्हणजे काय ते वेगळं समजावून सांगायची गरज नव्हती. शोध तिलाच घ्यावा लागणार होता.

खोलीच्या किल्ल्या दोन. एक तिच्याकडे, दुसरी नागाता-सानांकडे. नागाता हे संग्रहाचे कारकून. वय बासष्ट, पुढच्या मार्चमध्ये निवृत्त होणार. अडतीस वर्षांत एक दिवस उशिरा आलेले नाहीत असं सगळे सांगत. सायकलवरून येत, रेनकोट दाराबाहेर झटकत, आणि बूट बदलल्याशिवाय तळघरात पाऊल टाकत नसत. चोरीचा विचार करताना त्यांच्याकडे कोणाची नजर वळलीच नाही, सुचेताचीही नाही.

नागातांनी तिच्यासमोर आवक-जावकीची वही ठेवली. प्रत्येकाने लेखी जबाब द्यावा असा तानिमोतोंचा निरोप होता, म्हणून त्यांनी एक मोठा कागद घेतला, घडी घातली, घडीवर ओलं बोट फिरवलं आणि अर्धा भाग काढून तिच्या हातात दिला. वहीत गेल्या आठवडाभरातल्या तीन नोंदी होत्या. शुक्रवारी दुपारी पीएचडी करणारी कश्मिरा, ठसा पाहायला. सोमवारी सकाळी संशोधक शैलेंद्र, नळकांडं तंत्रज्ञांना दाखवायला, वीस मिनिटं. आणि आज सगळे.

सुचेताने पहिली नोंद पुन्हा वाचली. सकाळी त्या गडबडीत तिने कश्मिराला विचारलं होतं की ठसा शेवटचा कधी पाहिलास. कश्मिराने क्षणाचाही विलंब न लावता सांगितलं होतं: मे महिन्यात.

३

बुधवारी सकाळी ती आधी शैलेंद्रकडे गेली. शैलेंद्र खांडेकर त्याच विद्यापीठात पोस्टडॉक होता. ती कबर खुद्द सुलतानाची आहे आणि चौथी ओळ नंतर कोणीतरी वेगळ्या हाताने कोरलेली आहे, असं मांडणारा त्याचा लेख दोन वर्षांपूर्वी गाजला होता. उलट कश्मिरा पारसनीसचा अख्खा पीएचडीचा प्रबंध चौथ्या ओळीवर उभा होता. त्या ओळीत 'सुलतानाची बेगम दिलशाद हिची ही कबर' असं स्पष्ट लिहिलेलं होतं, आणि ती मशीदही त्याच बेगमेने बांधली असं कश्मिराचं म्हणणं होतं. ठसा नाहीसा झाल्याने कोणाचं भलं होतं, हे शेंबडं पोरही सांगू शकलं असतं.

ते शैलेंद्रलाही माहीत होतं, म्हणून तो आधीच चिडलेला होता. सोमवारी आपण नळकांडं वर नेलं, तंत्रज्ञांना त्याची लांबी मोजू दिली आणि परत दिलं, झाकण उघडलंसुद्धा नाही, असं त्याने तीनदा सांगितलं. कोणी पाहिलं का, असं विचारल्यावर म्हणाला की लांबी मोजणाऱ्या माणसाला झाकणाशी काय करायचंय.

"आणि सुचेताताई, मला तर स्कॅन हवाच होता," तो म्हणाला. "ती ओळ बघितलीये ना तुम्ही? वरच्या तीन ओळी झिजलेल्या, एकेक अक्षर शोधावं लागतं. आणि चौथी जणू काल कोरली. म्हणून तर मी म्हणतो की ती नंतरची आहे. दोन वर्षं सांगतोय, ऐकतंय कोण?"

सुचेताला त्याचं म्हणणं नाकारता येईना. सोमवारी तो रिकाम्या हाताने आला होता आणि कोरा कागद चांगला पाच फुटी होता. तो लपवून आणायची सोय नव्हती. पण सिद्ध तरी काय करणार? माणूस खरं बोलतोय असं वाटणं हा काही पुरावा नव्हे.

कश्मिरा ग्रंथालयामागच्या सायकल-तळाजवळ भेटली, छत्री एका हातात, कुलूप दुसऱ्या हातात. सुचेताने वहीतल्या नोंदीचं नाव काढताच तिच्या हातातली किल्ली खाली पडली. आधी ती म्हणाली की आपण विसरलो. मग म्हणाली की नोंद चुकीची असेल. सुचेताचा संयम आता संपत आला होता. तिने सांगितलं की माझी अठरा वर्षांची नोकरी पणाला लागलीये, कबीरची पिढ्यांची जागा जाणार आहे, आणि तू मला चुकीच्या तारखा सांगत बसलीस.

मग कश्मिरा तिथेच ओल्या कट्ट्यावर बसली आणि बोलू लागली. मंगळवारी स्कॅन होणार म्हणून ती शुक्रवारी एकदा डोळे भरून ठसा पाहायला गेली होती. तिने टॉर्च कागदाला समांतर, अगदी आडवा धरला. वरच्या तीन ओळींत अक्षरांच्या खाचांच्या सावल्या पडल्या; कागद दगडात घुसला होता त्याच्या खुणा. टॉर्च खाली नेला आणि सावल्या संपल्या.

"चौथ्या ओळीत खाच नाहीये, ताई," ती म्हणाली. "कागद सपाट आहे. ती ओळ दगडावरून आलेलीच नाही. कोणीतरी काढलीये ती. हाताने."

तिने ते कोणालाही सांगितलं नव्हतं. चार वर्षांचं काम होतं. ठसा गुंडाळून तिने नागातांच्या हाती दिला आणि शनिवार-रविवार घराबाहेर पडली नाही.

"म्हणजे ठसा नाहीसा होण्यात फायदा शैलेंद्रचा नव्हता," सुचेता म्हणाली. "तुझा होता."

कश्मिराने मान वर केली नाही. "हो," ती म्हणाली. "काल कागद कोरा निघाला तेव्हा मला एक क्षण हायसं वाटलं. तेच सांगायची लाज वाटत होती."

४

घरी परतल्यावर सुचेताचं डोकं भणभणत होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी जुन्या कागदांचा कचरा द्यायचा होता, म्हणून ती आणि मुलगी नैना जमिनीवर बसून गठ्ठे बांधत होत्या. नैना दहावीच्या वयाची. आईचं मराठी तिला सगळं कळे, उत्तरं मात्र जपानीत येत. आई आज कोणावर रागावली आहे, असं तिने विचारलं. सगळ्यांवर, असं सुचेताने सांगितलं. मग तू केलं नाहीस हे सरळ सांगून टाक ना, नैना म्हणाली. सुचेता म्हणाली की कोणी विचारतच नाही, सांगू कोणाला?

तेवढ्यात कबीरचा फोन आला. तो स्टेशनजवळच्या एका छोट्या हॉटेलात राहिला होता आणि ऑफिसमधून सुट्टी वाढवून मागून मागून थकला होता. नवीन काही नाही हे ऐकल्यावर तो सुनावणीला उरलेले दिवस मोजू लागला. सुचेतालाच वाईट वाटलं. काहीतरी बोलायचं म्हणून तिने विचारलं की लहानपणी तुम्ही तो दगड पाहिला असेल ना.

पाहिला होता. भिंत पडली तेव्हा तो दहा वर्षांचा होता. उशाच्या दगडाच्या वरच्या ओळी त्याला आठवत होत्या, काळ्या, खरबरीत.

"आणि चौथी?"

"खालची होय? ती कुठं दिसत होती, ताई? तिथं दगड गुळगुळीत झाला होता, नदीतल्या गोट्यासारखा. कबरीला येणाऱ्या बाया तिथंच हात टेकवायच्या आणि डोळ्याला लावायच्या. आमची आजी लग्न होऊन आली तेव्हापासून तो तसाच होता म्हणे."

कबीरची आजी लग्न होऊन आली ती पन्नासच्याही आधी. म्हणजे १९६२ साली कुसाकाबे नेवरखेडला पोहोचले तेव्हा चौथी ओळ वाचता येण्यासारखी नव्हतीच. तरीही तिच्यासमोर आलेल्या ठशात तीच ओळ सर्वांत स्वच्छ होती.

फोन ठेवून सुचेता गठ्ठ्यांच्या मध्येच बसून राहिली. आता प्रश्नाचं तोंडच फिरलं होतं. ओळ खोटी आहे हे कश्मिराला कळलं शुक्रवारी. तिला हा कागद लपवावासा वाटला असेल, पण तिला कागद सरळ कापताही येत नसे. पाण्याने फाडणं दूरची गोष्ट. शैलेंद्रला तर ओळ खोटी ठरायला हवीच होती. तानिमोतोंकडे किल्ली नव्हती. स्कॅनरखाली कागद जाऊ नये असं आणखी कोणाला वाटेल? ज्याने ओळ काढली त्याला. तो माणूस हयात असला पाहिजे, खोलीत शिरू शकत असला पाहिजे, आणि त्याच्या हातात कागदाचं कसब असलं पाहिजे.

तिने पर्स ओढली आणि जबाबासाठी मिळालेला तो अर्धा कागद बाहेर काढला. जबाब तिने रागाने लिहिलाच नव्हता. एक कड यंत्राने कापलेली होती. दुसरी, घडीवरची, दिव्यासमोर धरली. कडेला मऊ तंतू सुटले होते.

५

गुरुवारी ती नेहमीपेक्षा तासभर आधी पोहोचली. नागाता-सानांची सायकल तळावर होती. ते आपल्या टेबलाशी बसून नळकांड्यांच्या चिठ्ठ्या नव्याने लिहीत होते, जणू मंगळवारी काही घडलंच नव्हतं.

तिने विचारलं की इथे लागण्यापूर्वी तुम्ही काय करत होतात. त्यांचा ब्रश थांबला. सन्जो भागातल्या एका ह्योगुच्या दुकानात, ते म्हणाले; चित्रांच्या गुंडाळ्या तयार करणाऱ्या उस्तादाकडे सहा वर्षं. कुसाकाबे-सेनसेईंनी तिथूनच त्यांना इथे आणलं होतं. अडतीस वर्षांत हे कोणी विचारलं नव्हतं, आणि आपण तरी कधी विचारलं, हे सुचेताला त्या क्षणी लागलं.

"ठसा याच खोलीत आहे," ती म्हणाली. "शनिवारपासून पाऊस पडतोय आणि तुम्ही सायकलने येता. तुम्ही तो बाहेर नेणार नाही. फाडणार तर नाहीच. तो लहान गुंडाळी करून कुठे कोंबावा असंही तुम्हाला वाटणार नाही. तो कुठेतरी सपाट ठेवलेला असेल, कोरड्या जागी."

नागातांनी ब्रश खाली ठेवला. सुचेता भिंतीशी गेली. सर्वांत वरच्या रुंद कप्प्यात, ओलावा सर्वांत कमी पोहोचतो तिथे, नेवरखेडच्या मशिदीचा मोठा नकाशा पसरून ठेवलेला असे. मंगळवारी त्यांनी एकेचाळीस नळकांडी उघडली होती; सपाट कागदांच्या कप्प्यांकडे कोणी गेलंच नव्हतं. तिने नकाशाचा कोपरा उचलला. खाली काळाभोर कागद होता आणि त्यावर पांढऱ्या चार ओळी.

तिला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. मागे वळून पाहिलं तर नागाता उभे राहून कमरेत पार वाकले होते, आणि ती 'उठा' म्हणेपर्यंत वाकलेलेच राहिले.

मग त्यांनी सांगितलं. १९८६ साल. ते चोवीस वर्षांचे, नोकरी लागून तीन महिने झालेले. कुसाकाबेंचं पुस्तक छापायला जायचं होतं आणि चौथी ओळ नुसती काळी होती. पण ती कबर बेगमेची, याबद्दल सेनसेईंची खात्री झालेली होती. त्यांनी अक्षरं एका कागदावर लिहून दिली आणि सांगितलं की ओळ पुसट झालीये, एवढी उजळ करून दे. नागातांना फारसीचं अक्षर येत नव्हतं. त्यांनी ते चित्रासारखं काढलं, सात दिवस खपून. उजळ करणं म्हणजे नसलेलं लिहिणं होतं, हे त्यांना दहा वर्षांनी कळलं. तोवर पुस्तक जगभर गेलं होतं. सेनसेई जिवंत होते, नंतर वारले, आणि दर वर्षी सांगणं जास्तच अवघड होत गेलं. स्कॅनर येणार हे कळल्यावर त्यांना वाटलं की निवृत्त होईपर्यंत तरी हे झाकून राहावं.

"तुमच्यावर संशय येईल असं मला वाटलं नव्हतं," ते म्हणाले. "आला तेव्हा मी बोलायला हवं होतं. दोन दिवस मी बोललो नाही. ते माझ्याकडून झालं."

चोवीस वर्षांत सुचेताला इतका राग आलेला आठवत नव्हता, आणि तो कोणावर काढावा हेही कळेना. वाकलेल्या माणसावर? सहा वर्षांपूर्वी वारलेल्या माणसावर? कश्मिराचा प्रबंध गेला. शैलेंद्रचा लेख गेला, कारण नंतर कोरलेली ओळच नव्हती. कबीरच्या हाती द्यायला आता होता एक खोटा कागद.

ती ठशावर वाकली. चौथ्या ओळीच्या वरच्या कडेला, नखाने चाचपल्यावरच जाणवेल असा, एक उंचवटा होता. तिचं बोट थांबलं.

"नागाता-सान, तुम्ही मूळ कागदावर लिहिलं नाहीत. वेगळी पट्टी रंगवून वरून चिकटवलीत."

"मूळ कागदावर कधी हात चालवायचा नाही, असं उस्तादाने शिकवलं होतं."

"कशाने चिकटवली?"

त्यांनी पहिल्यांदाच मान वर करून तिच्याकडे पाहिलं. "गव्हाच्या खळीने," ते म्हणाले.

गव्हाची खळ ओलाव्याने सुटते.

६

तानिमोतोंनी सगळं ऐकून घेतलं आणि विचार करू म्हणाले. सुचेता म्हणाली की आज वीस तारीख आहे, विचार तुम्ही करा, मी पट्टी सोडवायला घेते. आवाज चढला नव्हता, पण तानिमोतो खुर्चीतून अर्धवट उठले आणि पुन्हा बसले. नाही म्हणाले नाहीत.

काम पाच दिवस चाललं. दमट टिपकागद ठेवायचा, वर वजन ठेवायचं, चाळीस मिनिटं थांबायचं, आणि बांबूच्या पातळ पात्याने दोन मिलिमीटर पट्टी उचलायची. घाई केली की खालचा कागद आला बरोबर. हवा इतकी दमट की वाळवायचं ते वाळेना. दोनदा वरचा थर चिरला आणि सुचेता काम टाकून बाहेर जिन्यात जाऊन उभी राहिली. नागाता रोज येऊन शेजारी बसत. तिने त्यांना बोलावलं नव्हतं आणि घालवूनही दिलं नाही. खळ किती घट्ट लावली होती ते त्यांच्याखेरीज कोण सांगणार? दुसऱ्या दिवसापासून वजनं तेच ठेवू लागले.

मंगळवारी दुपारी पट्टी पूर्ण सुटली. शैलेंद्र आणि कश्मिरा दोन बाजूंनी टेबलावर वाकले. वर्षभरात ते एका खोलीत इतका वेळ थांबले नव्हते. कबीर शनिवारी ग्योतोकुला परत गेला होता. तो व्हिडिओ कॉलवर होता.

ओळीची उजवी बाजू, जिथे नाव असायला हवं, तिथे निव्वळ काळं होतं. एकही खाच नाही. इतक्या हातांनी नेमका तेवढाच दगड पुसून नेला होता. सुचेताने टॉर्च आडवा धरून डावीकडे सरकवला. आधी काहीच नाही. मग एक बारीक सावली, तिच्याशेजारी दुसरी.

"बिन्त," कश्मिरा म्हणाली.

शैलेंद्रने तिच्या हातून भिंग घेतलं आणि बराच वेळ पाहिलं. "बिन्त-ए-सुलतान," तो म्हणाला. त्याला ते म्हणायला आवडलं नव्हतं हे सगळ्यांना दिसलं, पण तो म्हणाला. "सुलतानाची मुलगी. सुलतान नाही आणि बेगमही नाही."

"नाव?" फोनमधून कबीरने विचारलं.

नाव नव्हतं. ते आता कुठेच नव्हतं. सुचेताने त्याला तसं सांगितलं. पण कबर शाही घराण्यातली आहे, तिसऱ्या ओळीत सुलतानाचं नाव आहे, आणि हे स्कॅनमध्ये खाचांसकट दिसेल, असंही सांगितलं.

दुसऱ्या दिवशी, सव्वीसला, तंत्रज्ञ पुन्हा आले. स्कॅन झाला, आणि मग प्रमाणपत्राच्या मजकुरावर तीन तास गेले. तानिमोतोंना 'पूर्वीची किरकोळ दुरुस्ती काढून टाकली' असं लिहायचं होतं. कुसाकाबे-सेनसेईंचं नाव, विद्यापीठाची प्रतिष्ठा, वेळ योग्य नाही. सुचेताने सांगितलं की १९८६ साली चौथ्या ओळीवर हाताने रंगवलेली पट्टी लावली होती, असं लिहा, नाहीतर माझी सही मिळणार नाही. ते पुन्हा हवामानावर आले. संध्याकाळचे पाच वाजायला आले होते आणि सुचेताला वाटू लागलं की इथवर येऊन हे सगळं एका वाक्यापायी फुकट जाणार.

तेव्हा नागातांनी कागद आपल्याकडे ओढला. कोणाला न विचारता त्यांनी ते वाक्य स्वतःच्या अक्षरात लिहिलं, 'पट्टी लावणारा' असं म्हणून खाली आपलं पूर्ण नाव लिहिलं आणि शिक्का मारला. मग कागद तानिमोतोंपुढे सरकवला. तानिमोतोंनी बराच वेळ त्याकडे पाहिलं आणि आपला शिक्का बाहेर काढला.

सत्तावीसला कबीरचा फोन आला तेव्हा सुचेता घरी निघाली होती. सुनावणीला गावातून त्याची थोरली बहीण सारा गेली होती. साहेबांनी रात्री मेलने पोहोचलेली प्रत पाहिली, वाचून घेतली, आणि आवार संरक्षणाच्या यादीत घ्यायला हरकत नाही म्हणाले. रस्ता पलीकडच्या पडीक बाजूने वळणार होता. पण अर्जात एक रकाना होता, मृत व्यक्तीचं नाव. तो रिकामा असला तर अर्ज स्वीकारता येत नाही, असं कारकून सांगत होता. तासभर त्यावरच घोळ चालला.

"मग?" सुचेताने विचारलं.

"साराआपाने 'सुलतानाची मुलगी' असं लिहून दिलं," कबीर म्हणाला. "कारकून म्हणाला, हे नाव नाही. आपा म्हणाली, तुमच्या दफ्तरात दुसरं काही असेल तर ते लिहा, मी थांबते. आणि तिथंच खुर्चीवर बसून राहिली. शेवटी घेतला त्याने."

सुचेता जिन्यात उभी राहून हसली. दहा दिवसांत पहिल्यांदाच. मग ती पुन्हा खाली उतरली. तळघरात दिवा चालू होता. कश्मिरा आणि शैलेंद्र टेबलाशी समोरासमोर बसून जोरजोरात भांडत होते. त्या सुलतानाला मुली दोन होत्या, आणि ही थोरली की धाकटी यावर त्यांचं एकमत होत नव्हतं. सुचेताने दोघांना अर्जाची बातमी सांगितली, चहाचे कप ठशापासून लांब सरकवायला लावले, आणि एक खुर्ची ओढून बसली.

"थोरली का म्हणतेस?" तिने कश्मिराला विचारलं. "पहिल्यापासून सांग."